ब्रेक नवा होता, तरी सायकल का थांबली नाही?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत ३ जून रोजी, जागतिक सायकल दिनाच्या संध्याकाळी, पोडियमवर झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



आजच्या कार्यक्रमात गाणी आहेत, फॅन्सी ड्रेस आहे आणि शेवटी पावभाजी आहे. या सगळ्याच्या मधे मला अर्धा तास मिळाला आहे आणि माझा विषय आहे सायकलचा ब्रेक रबर. विषय ऐकल्यावर सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "काका, एवढ्याशा रबरावर अर्धा तास काय बोलणार?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण या एवढ्याशा रबरावरून आपल्या सोसायटीत एक मोठा निर्णय व्हायचा आहे, म्हणून मी वेळ मागून घेतला.

गेल्या जुलैत काय झालं ते मोठ्यांना माहीत आहे. आपली एक सहावीतली मुलगी पावसात सायकलवरून पोडियमच्या रॅम्पने खाली आली. तिने दोन्ही ब्रेक दाबले होते, हे वॉचमनने स्वतः पाहिलं. तरी सायकल थांबली नाही. गेटच्या लोखंडी पाइपवर जाऊन आदळली आणि तिच्या खांद्याजवळचं हाड, कॉलर बोन, मोडलं. नशीब, गेट बंद होतं. उघडं असतं तर समोर रिक्षा आणि बस. आता ती बरी आहे, आज नाचातही आहे. पण त्यानंतर कमिटीकडे लेखी सूचना आली की कंपाउंडमध्ये सायकल चालवायला कायमची बंदी करावी. सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ती सूचना मतदानाला येईल.

मी तेव्हा ती सायकल पाहिली. आणि मला जे दिसलं ते असं की ब्रेक रबर नवे होते. दोन आठवड्यांपूर्वीच बदललेले. तिच्या वडिलांनी काळजी घेतली होती, पैसे दिले होते, काम करून घेतलं होतं. म्हणजे "ब्रेक खराब होता" असं म्हणून हा विषय मिटत नाही. ब्रेक नवा होता, तरी सायकल थांबली नाही. का? आजचं भाषण या एका प्रश्नावर आहे.

मी आयुष्याची ३४ वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथे पहिल्या महिन्यात जे शिकलो तेच तुम्हाला सांगतो. ब्रेक हा एकट्या रबराचा नसतो. ब्रेक हा जोडीचा असतो. जे दाबलं जातं ते आणि ज्याच्यावर दाबलं जातं ते. गाडीच्या चाकावर लोखंडी ब्रेक ब्लॉक घासला तर तो चाकाचा पृष्ठभाग थोडा खरखरीत ठेवतो. नंतर कॉम्पोझिशनचे, म्हणजे मिश्रणाचे ब्लॉक आले, ते चाकाला गुळगुळीत करतात. चाक तेच, जोर तोच, पण ब्लॉक बदलला की गाडीचं थांबणं बदलतं. म्हणून कोणीही नुसतं "चांगला ब्लॉक कोणता?" असं विचारलं की आमचे फोरमन उलट विचारायचे, "कोणत्या चाकाला?"

सायकलचंही तसंच आहे. चांगला ब्रेक रबर कोणता? आधी सांगा, रिम कोणती?

हा प्रश्न मला आपल्या ए विंगमधल्या एका मुलामुळे नीट मांडता आला. तो कोण ते तुम्ही ओळखलंच असेल. जो फुलझाडांच्या कुंड्यांच्या कठड्यावर सायकलने उडी मारून चढतो आणि ज्याच्या नावाने कमिटीकडे अर्ज जातात, तोच. त्याची सायकल वेगळी आहे. २० इंची चाकं, सीट जवळजवळ नाहीच. तिला ट्रायल सायकल म्हणतात. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. पाय जमिनीला न लावता दगड, ओंडके, पायऱ्या, कठडे पार करायचे. पाय टेकला की दंडाचा गुण. हा खेळ मोटारसायकलवरून सायकलवर आला. १९७०च्या दशकात स्पेनच्या कॅटलोनिया भागात मोंटेसा या मोटारसायकल कंपनीशी संबंधित पेरे पी नावाच्या गृहस्थांनी आपल्या लहान मुलाला सराव करता यावा म्हणून तशी सायकल घडवली. तो मुलगा, ओट पी, पुढे या खेळात जगज्जेता झाला. आपल्या मुलांना हा खेळ माहीत झाला तो स्कॉटलंडच्या डॅनी मॅकअस्किलमुळे. २००९ साली एडिंबरा शहरातल्या कुंपणांवर आणि भिंतींवर त्याने केलेल्या करामतींचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला.

तर हा आपला मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, मागचं चाक ब्रेक दाबूनसुद्धा थोडं सरकतं. मी ग्राइंडर मारू का रिमला?" मी म्हटलं, "थांब बाळा, आधी चहा पिऊ."

त्याचा प्रश्न अगदी खरा होता. तुम्ही आम्ही ब्रेक दाबतो ते वेग कमी करायला. ट्रायलवाला ब्रेक दाबतो ते चाक पकडून ठेवायला. तो मागच्या एका चाकावर उभा असतो, पुढचं चाक हवेत, आणि तिथून उडी मारायची असते. त्या क्षणी चाक बोटभर जरी सरकलं तरी तोल गेला. त्याला "हळूहळू थांबणारा" ब्रेक नकोच असतो. दाबला की कुलूप, सोडला की मोकळा, असा हवा असतो. म्हणून या मंडळींनी रिम आणि रबराच्या जोडीचा जेवढा विचार केला आहे तेवढा बाकी कोणी केला नसेल.

त्यांच्याकडे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता म्हणजे ग्राइंडर. रिमच्या ज्या पट्ट्यावर रबर घासतो तिथे ग्राइंडरच्या चकतीने बारीक चरे पाडतात. रबर त्या चऱ्यांत अडकतो आणि चाक जागच्या जागी पकडतं. पाण्यातही पकडतं, कारण चऱ्यांच्या कडा पाण्याच्या थरातून आरपार जातात. पण याची किंमत आहे. चरे पाडलेली रिम म्हणजे किसणी. तिच्यावर मऊ रबर लावला तर गाजरासारखा किसला जातो, म्हणून तिथे कडक, झिजायला चिवट असा पॅड लागतो. चरे झिजले की पुन्हा ग्राइंडर. प्रत्येक वेळी रिमची भिंत थोडी पातळ होते. आणि आवाज असा की सी विंगमधल्या आजींची दुपारची झोप गेलीच समजा.

दुसरा रस्ता म्हणजे रिम गुळगुळीतच ठेवायची. गुळगुळीत रिमवर अडकायला काही नसतं. तिथे रबराला चिकटावं लागतं. म्हणून गुळगुळीत रिमला मऊ पॅड लागतो, जो दाबल्यावर पसरून रिमला अंगभर बिलगतो. कडक पॅड गुळगुळीत रिमवर लावला तर तो फक्त वरवर टेकतो, किंचाळतो आणि घसरतो. काही जण गुळगुळीत रिमवर डांबराचा खडा हलकासा घासतात, त्याने पकड जबरदस्त येते. पण पाणी पडलं की तेच डांबर निसरडं होतं आणि धूळ बसली की त्याचा चिखल होतो.

दोन्ही रस्ते बरोबर आहेत. चूक होते ती जोडी उलटी लावल्यावर. किसणीला मऊ आणि काचेला कडक.

आता आपल्या मुलीच्या सायकलकडे परत या. तिची रिम कसली होती? चकचकीत क्रोमचा मुलामा दिलेली स्टीलची. आरशासारखी. आणि नवे रबर कसले होते? काळे, दिसायला छान, पण इतके कडक की नखाचा वणसुद्धा उठेना. म्हणजे काचेवर दगड. कोरड्यात कसंबसं चालून गेलं. वर पाणी पडलं आणि सगळं संपलं.

पाण्याने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांचं सायकलच्या शास्त्रावरचं पुस्तक प्रसिद्ध आहे. तिथे झालेल्या प्रयोगांचा त्यात उल्लेख आहे. नेहमीचे ब्रेक रबर आणि स्टीलची रिम ओली झाली की पकड कोरड्याच्या एक दशांशाहूनही खाली येते. निम्मी नव्हे, एक दशांश.

हा आकडा आपल्या रॅम्पवर लावून बघू. दहावीच्या मुलांनी लक्ष द्या, हे तुमच्याच पुस्तकातलं गणित आहे. समजा सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. चांगला कोरडा ब्रेक दर सेकंदाला साधारण ५ मीटर वेग काढून घेतो. याहून फार जोरात थांबायला गेलात तर मागचं चाक उचललं जातं. म्हणजे सपाट जागी सायकल एका सेकंदात, अडीच मीटरवर थांबते. आता पकड एक दशांश करा. ब्रेक दर सेकंदाला फक्त अर्धा मीटर वेग काढतो. थांबायला १० सेकंद आणि २५ मीटर लागतात. हे सपाट जागी.

आता उतार. आपला रॅम्प मी टेपने मोजला. १० मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली येतो. अशा उतारावर पृथ्वीचं आकर्षण सायकलला दर सेकंदाला जवळजवळ १ मीटर वेग देत असतं. ब्रेक काढतो अर्धा, उतार देतो एक. म्हणजे काय झालं? ब्रेक पूर्ण दाबलेला आहे, मूठ पांढरी पडली आहे, आणि सायकलचा वेग कमी न होता वाढतो आहे. त्या मुलीने काहीही चुकीचं केलं नव्हतं. "घाबरली असेल, ब्रेक दाबलाच नसेल" असं जे म्हणत होते त्यांना हे गणित मी मुद्दाम ऐकवतो. तिने ब्रेक दाबला होता. तो ब्रेक तिला थांबवूच शकत नव्हता.

आता करायचं काय? चार गोष्टी सांगतो. सगळ्या घरी करता येतात.

पहिली, लोहचुंबकाची परीक्षा. फ्रिजवर लावतो ते चुंबक घ्या आणि रिमला लावा. चिकटलं तर रिम स्टीलची. नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमची, जिला दुकानात अॅलॉय म्हणतात. अॅल्युमिनियम पावसात स्टीलपेक्षा पुष्कळ बरी पकड देतं. चाकाच्या काही फेऱ्यांत रबर पाणी पुसून काढतो आणि पकड परत येते. पण त्या काही फेऱ्यांत सायकल ८-१० मीटर पुढे गेलेली असते हेही ध्यानात ठेवा. स्टीलची रिम पुसली जाऊनसुद्धा तेवढी सुधारत नाही. परदेशात स्टील रिमसाठी चामडं लावलेले खास ब्रेक ब्लॉक निघत असत, ओल्या स्टीलवर चामडं रबरापेक्षा चांगलं धरतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. म्हणून स्टील रिम असेल तर मिळेल तेवढा मऊ आणि लांब रबर लावा, आणि जमलं तर पुढच्या वाढदिवसाला नवीन सायकलऐवजी अॅलॉय रिमची दोन चाकं भेट द्या. सायकल तीच राहील, ब्रेक नवा होईल.

दुसरी, नखाची परीक्षा. दुकानात रबर हातात घ्या आणि अंगठ्याचं नख दाबा. थोडा वण उठून परत भरला तर रबर गुळगुळीत रिमच्या कामाचा. वण उठलाच नाही तर तो नुसता नवा आहे. वर्षानुवर्षं उन्हात टांगलेले रबर न वापरताही टणक होतात. तुमच्या सायकलचे रबर बाल्कनीत उभे राहून असेच झाले असतील आणि वर चमक आली असेल तर पॉलिश पेपरवर चार वेळा घासा, ती मेलेली कातडी निघते. अॅलॉय रिमच्या रबरात चकाकणारे धातूचे कण रुतलेले दिसतील. ते टाचणीने काढा, नाहीतर तेच कण रिमला कापत राहतात.

तिसरी, बसवणं. रबर कितीही चांगला असला तरी तो रिमवर पूर्ण सपाट टेकला पाहिजे. वर सरकला तर टायर कापतो. खाली लोंबला तर त्याला ओठ फुटतो आणि तो रिमखाली अडकतो. चाक फिरवून बघा. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर सायकलवाल्याला "आउट काढून द्या" म्हणून सांगा. आउट असलेल्या रिमला रबर जवळ लावताच येत नाही. व्ही-ब्रेक असेल, म्हणजे १९९६ साली शिमानोने आणलेला तो लांब हातांचा ब्रेक, तर त्याला त्याचाच लिव्हर हवा. तो जास्त वायर ओढतो. जुन्या ब्रेकचा लिव्हर त्याला जोडला तर लिव्हर हँडलला टेकतो आणि रबर रिमपर्यंत नीट पोचतच नाही.

चौथी, स्वच्छता. आणि इथे मला मुलांना जरा दटावायचं आहे. ब्रेक कुईकुई वाजतो म्हणून रिमवर खोबरेल तेल कोणी लावलं होतं? हात वर करू नका, मला माहीत आहे. तेलाने आवाज जातो, कारण ब्रेकच जातो. चुकून तेल लागलं तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने स्वच्छ कापडावर घेऊन रिम पुसा आणि रबर पॉलिश पेपरवर घासा. शिवाय आपण खाडीच्या काठावर राहतो. एके काळी भाईंदर मिठागरांसाठी ओळखलं जायचं, ती खारी हवा अजून आहे. ती क्रोमला पोखरते आणि रिमवर तांबूस ठिपके पडतात. काही मुलांना वाटतं, गंज खरखरीत आहे, म्हणजे पकड वाढेल. तसं होत नाही. गंजाची भुकटी रबरावर बसते आणि मुलामा सुटला की रबर फाटतो. पावसातून आलात की रिम कोरड्या फडक्याने पुसा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता त्या ट्रायलवाल्या मुलाचं काय ठरलं ते सांगतो, कारण त्यात निवड कशी करायची ते दिसतं. आम्ही दोघांनी कागदावर मांडणी केली. रिम अॅल्युमिनियमची, गुळगुळीत. भिंत फार जाड नाही. सराव रोज, पण कोरड्यात. हीच सायकल क्लासला जायलाही लागते. शेजारी माणसं राहतात. ग्राइंडर मारला तर पावसात पकड मिळेल, पण भिंत पातळ होईल. आणि पातळ रिमचा धोका साधा नसतो. टायरमधली हवा त्या भिंतीला सतत बाहेर ढकलत असते, भिंत झिजली तर एक दिवस ती फाटते. म्हणून गुळगुळीत रिम कायम ठेवायची, मागच्या चाकाला मऊ ट्रायल पॅड लावायचा, पॅड अगदी सपाट बसवायचा आणि डांबर नाही, असं ठरलं. ब्रेकच्या दोन हातांमध्ये घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी येते, तीही बसवली. मऊ पॅडवर जोर दिला की फ्रेमच बाहेर फाकते आणि अर्धा जोर तिथेच वाया जातो. ती पट्टी फ्रेमला फाकू देत नाही. चाक सरकायचं थांबलं. ग्राइंडर कपाटातच राहिला.

पुढच्या चाकाला मात्र तो पॅड लावायचा नाही, हे मी त्याला बजावलं आणि तुम्हालाही सांगतो. ही मुलं एकमेकांचं बघून सगळं करतात. कुलपासारखा पकडणारा ब्रेक पुढच्या चाकाला लावून कोणी रस्त्यावर निघालं आणि घाबरून दाबला, तर सायकल थांबेल, पण वर बसलेला हँडलवरून पुढे जाईल. पकडून ठेवायचा ब्रेक वेगळा, वेग कमी करायचा ब्रेक वेगळा. ज्याला जे काम, त्याला ती जोडी.

राहिला पाऊस. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून धरतात. म्हणजे आजपासून आठ दिवस. त्यानंतर चार महिने गुळगुळीत रिम आणि मऊ पॅड ही जोडी ओली झाली की दगा देणार. त्यावर रबरात उत्तर नाही. ते उत्तर जागेत आहे. आणि इथे मी कमिटीकडे वळतो.

अध्यक्ष साहेब, आपली संस्था २००० साली नोंदली गेली. मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली २००२ साली. म्हणजे आपली सोसायटी महापालिकेपेक्षा वयाने मोठी आहे. त्या वेळी आपल्या मागे मोकळी जागा होती, मुलं तिथे सायकल शिकली. आज मागे टॉवर आहे आणि पुढे मेट्रोचे खांब आहेत. कंपाउंडमध्ये बंदी घातली तर मुलं सायकल सोडणार नाहीत. ती गेटबाहेर जातील. तीच चकचकीत रिम, तेच कडक रबर, फक्त समोर पाइपऐवजी बस. बंदीची सूचना देणाऱ्यांची काळजी खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. पण अपघात सायकल चालवण्यामुळे झाला नाही, चुकीच्या जोडीमुळे झाला. जोडी सुधारता येते.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. एक, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी स्टिल्टमध्ये मी टेबल मांडून बसेन. चुंबक, पॉलिश पेपर, स्पिरिट आणि पाने माझे. प्रत्येक मुलाने सायकल दाखवून जावी. ज्या सायकलला ठीक ब्रेक आहे तिला हिरवी पट्टी, बाकीच्यांनी पट्टी मिळेपर्यंत सायकल उभी ठेवावी. दोन, रॅम्पवर पाऊस असो वा नसो, सायकल हातात धरून उतरायची. रॅम्पच्या दोन्ही टोकांना तशी पाटी लावावी. तीन, पाहुण्यांच्या पार्किंगचा कोपरा सकाळी ७ ते ८ ट्रायल सरावासाठी द्यावा, वर छप्पर आहे, जमीन कोरडी राहते, आणि हेल्मेट सक्तीचं. कुंड्यांचा कठडा त्या बदल्यात सुटेल, असा शब्द मी त्या मुलाकडून घेतला आहे. चार, बंदीच्या सूचनेवर मतदान होण्यापूर्वी हा पावसाळा आम्हाला द्यावा. टेबलावर काय दिसलं, कोणाची सायकल कशी होती, ते मी सभेपुढे वहीतून वाचून दाखवीन. मग सभासदांनी ठरवावं.

पालकांना शेवटचं. साधे ब्रेक रबर चारही मिळून एका पिझ्झापेक्षा स्वस्त पडतात. त्यामुळे "बदलून टाका" हे आपण सहज म्हणतो. पुढच्या वेळी सायकलवाल्याकडे जाल तेव्हा एवढंच विचारा, "या रिमला कोणता रबर चालेल?" तो एक क्षण थांबला आणि त्याने रिमला हात लावून बघितला, तर तो माणूस जाणकार आहे असं समजा. त्याने न बघता डब्यातून रबर काढून दिला, तर नख दाबून बघा.

आणि बालमित्रांनो, आता खाली जाऊन सगळ्यांनी आईच्या फ्रिजवरचं चुंबक पळवू नका. माझ्याकडे आहे. उद्यापासून चार दिवस संध्याकाळी सहा वाजता मी स्टिल्टमध्ये आहे, पाऊस यायच्या आत सगळ्या सायकली एकदा होऊन जाऊ देत. मोठी सायकल, छोटी सायकल, ताईची जुनी सायकल, सगळ्या आणा.

 आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, पुढच्या पंचवीस वर्षांत या सतरंजीवरची मुलं कमिटीच्या खुर्च्यांवर बसलेली असतील. ती सगळी तिथवर धडधाकट पोचावीत एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.